दुसऱ्या भागातलं मरण

तिला सगळे पाल म्हणत. नाव बापानेच ठेवलेलं. लहानपणी ती दाराच्या चौकटीला दोन्हीकडून हातपाय टेकून वर सरकायची आणि डोकं छताला लागलं की तिथूनच विचारायची, आज जेवायला काय आहे. आई खाली उभी राहून ओरडायची. बाप गवंडी होता, अर्धा जन्म परांचीवर गेलेला, तो म्हणायचा, "अगं, पाल कधी पडते का?" पुढे आई गेली, पोरगी चाळिशीला टेकली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. कुणी नाक मुरडलं तर ती म्हणे, झुरळापेक्षा बरं.

नावाला साजेसंच काम तिने धरलं होतं. उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुण्याचं. गच्चीवरून दोन दोर सोडायचे, एक बसण्याचा आणि एक जीव राखण्याचा, कमरेला साबणाच्या पाण्याची बादली अडकवायची आणि एकेक मजला करत खाली यायचं. आतली माणसं पहिल्या दिवशी तिला बघून दचकत, दुसऱ्या दिवशी हात हलवत आणि तिसऱ्या दिवसापासून तिच्यासमोरच नाकात बोट घालत. लग्न झालं होतं तिचं. पण नवऱ्याला उंचीची धास्ती आणि तिला नवऱ्याच्या धास्तीचा कंटाळा, तेव्हा दोघांनी फारसं न भांडता आपापल्या वाटा धरल्या आणि ती बापाकडे राहायला आली.

बाप तोवर चाकाच्या खुर्चीत होता. परांचीची फळी मोडली आणि तो वाळूच्या ढिगाशेजारी पडला. ढिगावर पडला असता तर वाचला असता, हे त्याला येणाऱ्याजाणाऱ्याने इतक्यांदा ऐकवलं होतं की पुढे तो ते आपणच आधी सांगून मोकळा व्हायचा. कमरेखालचं गेलं, हात आणि जीभ शाबूत राहिली. त्यातली जीभ जास्त. दिवस खायला उठत. एका शेजाऱ्याने घर सोडताना व्हिडिओ गेम खेळायचं जुनं यंत्र त्याच्या गळ्यात मारलं आणि उतारवयात म्हाताऱ्याला नाद लागला. मोटारी पळवणं त्याला पोरकट वाटे. डोंगर चढायचा, पडक्या वाड्यांतून वाट काढायची, असले गेम मात्र तो तहानभूक विसरून खेळे. पाल विचारी, "काय मिळतं हो यात?" तो म्हणे, "पाय मिळतात."

आता योगायोग म्हणा की काय. ती जी इमारत धुवायची, तिच्या वरच्या एका मजल्यावर गेम बनवणारी कंपनी होती. तिथल्या एक बाई, गेममधल्या माणसांनी चालायचं कसं, वळायचं कसं हे ठरवणाऱ्या, कित्येक दिवस काचेआडून पालीला न्याहाळत होत्या. एक दिवस त्यांनी तिला आत बोलावलं. पालीला वाटलं, काचेवर डाग राहिला. बाईंनी विचारलं, "आमच्यासाठी चढशील का?"

काम असं होतं. अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख घालायचा, त्यावर जागोजाग पांढरे गोळे चिकटवलेले. मोठ्या रिकाम्या खोलीत लाकडी चौकटी बांधलेल्या. त्यांवर चढायचं, लटकायचं, उडी मारायची. भिंतीवरचे कॅमेरे ते गोळे टिपत आणि त्यातून गेममधली बाई तशीच्या तशी चढायला लागे. तोंड आणि आवाज एका नटीचा, पण अंग पालीचं. गोष्ट साधी होती. धरणाखाली बुडालेलं एक शहर पाणी ओसरल्यावर वर येतं, आणि नकाशे काढणारी एक बाई आपल्या हरवलेल्या भावाला तिथे शोधायला निघते. मारामारी थोडी, वाट शोधणं जास्त.

हे कुठे बोलायचं नाही अशी सही घेतली होती, म्हणून पालीने घरीही तोंड उघडलं नाही. गेम बाजारात आला तेव्हा तिने तो बापाच्या मांडीवर ठेवला. नकाशेवाली गाळातून पाय उपसत भिंतीपाशी आली, एक हात वर टाकला, बोटांनी दगड चाचपला, दुसऱ्या हाताचा तळवा मांडीला पुसला आणि अंग वर ओढलं. बाप पडद्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "ही तर आमची पाल." पुढचे कित्येक महिने तो येईल त्याला खुर्चीशेजारी बसवून पोरगी दाखवत होता. सहीबिही गेली उडत. तो गेम त्याने इतक्यांदा पार केला की पुढे तो नुसता त्या शहरातून तिला फिरवून आणायचा. हात चुकला तर ती पडे, पण खाली पोचायच्या आत पडदा काळा होई आणि ती पुन्हा काठावर उभी. बाप म्हणे, "शहाणी माणसं आहेत. न दाखवायचं दाखवत नाहीत."

गेम धो धो चालला. साहजिकच दुसरा भाग निघाला आणि बाईंनी पालीला पुन्हा बोलावलं. या वेळी खोली मोठी, कॅमेरे जास्त, माणसं तर विचारूच नका. चढाई घ्यायला पुष्कळ दिवस लागले, आणि ते दिवस पालीला फार आवडले. बर्फाची भिंत म्हणून गुळगुळीत पत्रा लावला होता, ओला दगड म्हणून तेल चोपडलेली फळी. ती कशी घसरते, कशी सावरते, दम लागल्यावर खांदा कुठे टेकवते, सगळं त्यांना हवं होतं. शेवटच्या दिवशी बाई म्हणाल्या, आज पडणं घेऊ. खाली जाड गाद्या होत्या. पाल पडली. मग त्या म्हणाल्या, आता छातीतून काहीतरी आरपार गेलंय असं समज. आता गळ्याला दोर आवळलाय. आता खाली पडलीस पण जीव जायचाय अजून. पालीने पाय झाडले, बोटं वळवली, डोळे फिरवले. तरुण पोरं टाळ्या वाजवत होती. बाई म्हणत होत्या, "छान! शेवटचा श्वास जरा लांबव." पालीला हसू आवरत नव्हतं. लहानपणी मेल्याचं सोंग करून आईला घाबरवायचे, त्यातलंच हे, असं तिला वाटलं. संध्याकाळी सगळ्यांबरोबर केक खाऊन ती घरी आली.

दुसरा भाग आला तेव्हा बापाने दाढी केली होती. पहिले काही दिवस घरात आनंदीआनंद होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चढाई खरोखरच बघण्यासारखी झाली होती. नकाशेवाली बर्फात हात फुंकायची. ओल्या दगडावर बोट सरकलं की तिच्या खांद्याला झटका बसायचा. गुहेत मशाल खाली धरली की भिंतीवरची ओल चकाकायची. एका पडक्या घंटाघरात वरपर्यंत जायची वाट शोधायला बापाला तीन संध्याकाळी लागल्या. वर पोचल्यावर सगळं खोरं खाली पसरलेलं दिसलं तेव्हा तो नुसता बसून राहिला, खेळेचना. "हात लावीन तिथे सोनं केलंय लेकाच्यांनी," असं त्याने कबूल केलं. त्याच्याकडून एवढी तारीफ म्हणजे फार झाली.

मग हळूहळू म्हातारा कुरकुरायला लागला. आधी बाणांवरून. कुठे जायचं ते दाखवणारा पिवळा बाण सतत पडद्यावर नाचे. "वाट यांनीच दाखवायची तर मी कशाला आलोय, वऱ्हाडी म्हणून?" मग गोळा करण्यावरून. पिसं वेचा, मडकी फोडा, पाला तोडा, हाडं गोळा करा. पहिल्या भागात न सापडलेला भाऊ तिकडे शत्रूच्या तावडीत आणि ही इकडे कचरा वेचत बसलेली. मग मारामारीवरून. पहिल्या माणसाला मारल्यावर नकाशेवाली ढसाढसा रडली, हात धुतले, देवाची माफी मागितली. बाप गहिवरला. पुढच्याच वळणावर तिने अख्खी पलटण कापून काढली आणि वर पिसं वेचली. "हिचे अश्रू म्हणजे पावती फाडल्यासारखे," बाप म्हणाला. "एकदा फाडली की पुढे सगळं माफ." आणि प्रत्येक सुंदर कड्याच्या माथ्यावर बंदूकवाले बसलेले. जीव टाकून वर चढावं, डोळे भरून बघावं म्हणावं, तर धाड धाड. जेवायला वाढायचं आणि घास तोंडाशी नेला की ताटात थुंकायचं, त्यातला प्रकार.

हे सगळं तो मोठ्याने बोलून दाखवी आणि पाल हसे. मग काही दिवसांनी त्याचं बोलणं बंद झालं. ती घरी आली की तो पडदा विझवून बसलेला. विचारलं की म्हणे, डोळे दुखतात.

एका दुपारी वारा सुटला. वाऱ्यात दोरावर जायची मनाई, म्हणून पाल लवकर घरी आली. दार लोटलं तर बाप खेळत होता, त्याला चाहूल लागली नाही. नकाशेवाली मोडक्या पुलावरून धावत होती. उडी मारायची वेळ आली आणि म्हाताऱ्याची बोटं जरा मागे राहिली. ती पडली. त्याच क्षणी बापाने कंट्रोलर सोडला आणि दोन्ही तळव्यांनी डोळे झाकले, सवयीने झाकावेत तसे.

त्याने झाकले म्हणून पालीने बघितलं. खाली लोखंडी सळया उभ्या होत्या. एक पाठीतून शिरून पोटातून बाहेर आली. पडदा काळा झाला नाही. कॅमेरा सावकाश तिच्याभोवती फिरायला लागला. मांसाच्या दुकानात गिऱ्हाईक लटकलेल्या बकऱ्याभोवती फिरून बघतं तसा. नकाशेवालीने पाय झाडले. डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडली. पालीला ती बोटं ओळखू आली. करंगळी शेवटी उघडते, कारण लहानपणी दारात सापडून ती जरा आखडलेली. मग तो श्वास आला, लांबवलेला.

पालीच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारी येण्याआधी सुटतं तसलं. ती मोरीपाशी गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

बाप खुर्ची वळवून म्हणाला, "तू कधी आलीस?"

"रोज असंच बघता का तुम्ही?"

"बघत कुठे? झाकतो की." मग म्हणाला, "अर्धवट सोडवत नाही गं. आणि तू मरू नयेस म्हणून जपून खेळायला जातो, तर हात जास्तच चुकतात. कधी अस्वल फाडतं, कधी चाकाखाली जातेस. प्रत्येक मरणाची तऱ्हा वेगळी केलीय मेल्यांनी. मी पडलो तेव्हा मला काही कळलं नव्हतं. आता रोज कळतंय."

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. तिच्या जोडीला दोरावर एकजण असायचा, ज्याला सगळे मुका म्हणत, कारण तो बोलायचा थांबत नसे. गच्चीवर चहा घेताना योगायोगाने त्यानेच विषय काढला. तो दुसरा भाग खेळलास का? चढाई झकास आहे, पण खरी गंमत मरणात. लोक मुद्दाम मारतात तिला. कुणीतरी तिची सगळी मरणं एकापुढे एक जोडून त्यावर ढोल लावलेत, लाखो लोकांनी बघितलंय. त्याने फोन पुढे केला. पालीने बघितलं. नको म्हणायचं सुचलं नाही तिला. नकाशेवाली बुडाली, चिरडली, फाटली, आवळली गेली, आणि प्रत्येक वेळी करंगळी शेवटी उघडली. प्रत्येक मरणावर ढोलाचा ठोका. खाली लोकांनी हसणारी तोंडं लावली होती. एकाने लिहिलं होतं, अस्वलवालं पाठ झालंय.

"ही मी आहे," पाल म्हणाली.

मुका हसला. तिने हातमोजा काढून डावा हात त्याच्यापुढे धरला, मूठ मिटली आणि उघडली. मुक्याने तिचा हात बघितला, फोन बघितला, पुन्हा हात बघितला. त्याने फोन खिशात टाकला आणि त्या दिवशी तो पहिल्यांदाच नावाला जागला. खाली उतरताना मात्र त्याने तिच्या पट्ट्याच्या गाठी स्वतःहून पुन्हा तपासल्या. पालीला तेही आवडलं नाही. आपण कुणाच्या तरी डोळ्यांसमोर मरून झालोय आणि आता तो आपल्याशी जपून वागतोय, असं तिला वाटलं.

खाली पोचल्यावर ती सरळ लिफ्टने वर कंपनीत गेली. बाईंनी मिठी मारली, खुर्ची दिली, चहा मागवला. भिंतीवर दुसऱ्या भागाचं मोठं चित्र, खाली बक्षिसं. बाई म्हणाल्या, सगळीकडे चढाईचीच वाहवा चाललीय, आणि ती तुझी आहे. हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच पालीला राग धरून ठेवणं जड गेलं. तिने सांगितलं ते एवढंच की घरी बाबा खेळतात, ती मरणं काढून टाका.

बाईंनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, गेम विकला गेलाय, आता काढता येत नाही. पण रक्त बंद करायची सोय आहे, बाबांना दाखवून दे. पाल म्हणाली, रक्ताचं काही नाही हो, ते तर माझं नाहीच.

"तो कॅमेरा तिच्याभोवती फिरतो, ते कुणी ठरवलं?"

"मी," त्या म्हणाल्या. "आम्ही दोन्ही करून बघितलं होतं. पडदा काळा केला तर लोक गेम ठेवून देतात. मरण अंगावर आलं की चिडून पुन्हा खेळतात. तू इतकं खरं केलंस ना, की बंद करायचा जीव होईना."

हे त्या कौतुकाने म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. स्वयंपाक चांगला झाला म्हणून सांगावं तसा चेहरा. पालीला त्या चेहऱ्याचीच शिसारी आली. आणि मग आपल्या केकची आठवण झाली, आणि स्वतःचीही शिसारी आली.

चहा आला. तिने कप हातात घेतला नाही. "तिसऱ्या भागात मी नाही," ती म्हणाली.

बाई जरा ओशाळल्या. आवाज उतरवून म्हणाल्या, "अगं, तुला वाईट वाटेल, पण सांगते. आमच्याकडे तुझं पुष्कळ आहे. चढणं, पडणं, सगळं. आता त्यातूनच नवं बनतं. तुला बोलवायची गरजच नाही पडणार."

पाल उठली. दाराशी तिने एकदा मागे वळून त्या चित्राकडे बघितलं. नकाशेवाली कड्याला लटकून खाली बघत होती, तोंडावर नटीचं हसू. तोंड सोडून बाकी सगळं पालीचं होतं, आणि ते त्या मजल्यावरच राहणार होतं.

घरी आल्यावर तिने बापाला सगळं सांगितलं. गाद्या, टाळ्या, हसू आवरत नव्हतं तेही. बापाने समजूत काढली नाही. "हसलीस?" एवढंच विचारलं. ती हो म्हणाली. त्याने खुर्चीच्या चाकावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "मीही परांचीवर गाणी म्हणायचो."

त्याने तो गेम पुरा केला, कारण अर्धवट काम सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. शेवटी काय निघालं? भाऊ सापडला, तोच खलनायक ठरला, तो मेला, आणि मरताना म्हणाला की खरा शत्रू वेगळाच आहे, तो पुढच्या भागात भेटेल. म्हाताऱ्याने पडद्याला अशा शिव्या घातल्या की शेजारी विचारायला आले. "इतक्यांदा पोरगी मारली माझी," तो त्यांना म्हणाला, "आणि हे मला म्हणतात, पुन्हा या."

तिसरा भाग आला तेव्हा त्याने तो घरात येऊ दिला नाही. पहिल्या भागालाही पुन्हा हात लावला नाही, हे मात्र पालीला लागलं. त्याने तळ्यात मासे पकडायचा एक गेम आणला आणि दिवसभर त्याला नावं ठेवत बसला: पाणी खोटं, मासे ठोंबे, तळ्याला काठ नाही.

पाल दोरावर जातच राहिली. ती इमारत फक्त मुक्याला दिली, बाकीच्या दोघं मिळूनच धुवत. एका सकाळी दुसऱ्याच एका उंच इमारतीवर तिचा बसण्याचा दोर कठड्याच्या कडेवरून सरकला आणि ती हातभर खाली गेली. जीव राखणाऱ्या दोराने झेललं. असं वर्षाकाठी एखाद्या वेळी होतंच, त्यात नवल नाही. एरवी काळजात लक्क व्हायचं, मग हातपाय आपोआप भिंत शोधायचे. या वेळी काळजात काही झालं नाही. त्या हातभर अंतरात तिला कॅमेरा दिसला. तो सावकाश तिच्याभोवती फिरत होता, आणि ती स्वतःच त्याच्यामागे उभी राहून बघत होती की करंगळी कशी उघडते.

ती तशीच लटकून राहिली. वरून मुका हाका मारत होता, ठीक आहेस ना म्हणून. आतल्या बाजूला कुणीतरी खुर्चीतून उठून काचेला नाक लावून बघत होतं. पालीच्या तोंडात कडू पाणी जमलं होतं. तिने खाली रस्त्याकडे नीट बघितलं, कुणी येत नाही याची खात्री केली, आणि थुंकली.